पायडलच्या कानातली चूक

माणूस शब्द फिरवतो, लोखंड फिरवत नाही, असं जिजी येताजाता सांगायच्या. बुधवारी सकाळी लोखंडानंच शब्द फिरवला. पडद्याची एक कड शिवून झाली होती, दुसरी अर्ध्यावर होती, आणि जिजींच्या पायाखालचं शिलाई मशीनचं पायडल उजव्या बाजूनं निखळून फरशीवर असं आदळलं, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. ते थांबलं तेव्हा खालची बाई सुरू झाली.

स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारलं, "गेली का एकदाची?"

आता "गेली का" एवढंच विचारलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण "एकदाची" हा शब्द मोठा वाईट. आजारी माणसाबद्दल, भाडेकरूबद्दल आणि सासूबद्दल तो वापरू नये. जिजींनी तो मशीनच्या वतीनं मनावर घेतला.

सूनबाईंचा त्या मशीनवर केव्हापासून डोळा होता. मशीनवर म्हणजे तिच्या पायांवर. फोनमध्ये त्यांनी कुठंसं चित्र पाहिलं होतं: असलेच जुने नक्षीदार लोखंडी पाय, पांढरा रंग दिलेले, वर काच, काचेवर फुलदाणी, आणि शेजारी एक बाई काही काम नसल्यासारखी हसतेय. जिजींनी ते चित्र चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं होतं, "मुंडकं उडवून धडावर फुलदाणी ठेवायची? हौस म्हणायची की खून?"

तेव्हा आता भिडायची वेळ आली. जिजी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी दहापर्यंत ही मशीन चालली नाही, तर पाय तुझे. खुशाल काच बसव. पण चालली, तर पुन्हा या घरात काचेचं नाव काढायचं नाही."

"दहा म्हणजे दहा हं, जिजी. सुताराला मी दहालाच बोलावलंय माप घ्यायला."

"म्हणजे आधीच बोलावून ठेवलायस!"

"एकदाची जाणारच होती ना," सूनबाई म्हणाल्या.

या बोलाचालीला साक्षीदार म्हणून समोरचे इंजिनिअर दारात उभे होते. ते वर्तमानपत्र परत करायला आले होते, आणि वर्तमानपत्र परत करायला आलेला माणूस भांडण संपल्याशिवाय जात नाही. इंजिनिअर पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गळती शोधली, त्यामुळे जगात जे काही बिघडतं ते कुठंतरी गळतंय म्हणून, अशी त्यांची खात्री. त्यांनी मशीनखाली वाकून पाहिलं, फरशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "गळत तर काही नाही." मग बराच विचार करून म्हणाले, "पायडल काढावं लागेल."

एवढं निदान तर खालच्या कुत्र्यानंही केलं असतं. पण उंटावरच्या शहाण्याला खाली उतर म्हणून कुणी सांगायचं?

मशीनवाल्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री आता घरी येत नसत. आयुष्यभर मशीनखाली वाकून त्यांचे स्वतःचे गुडघे वाकायचे बंद झाले होते. ते फोनवर म्हणाले, "दोन्ही बाजूंना टोकदार स्क्रू आहेत, त्यांवर नट आहेत. नट गंजलेले असणार. आधी डोक्याचं तेल सोडा दोन-दोन थेंब, तासभर मुरू द्या, मग पान्यानं फिरवा. पायडल आणि दांडी माझ्याकडे घेऊन या."

फोन जिजींच्या यजमानांनी घेतला होता. यजमान तसे आज्ञाधारक. सांगितलेलं काम ऐकलं तसं करतात, फक्त ऐकतात भलतंच. ते आत गेले, तेल आणलं, दोन्ही नटांना चांगलं पाजलं. थोड्या वेळानं घरभर मोगऱ्याचा वास सुटला.

"हे काय ओतलंत?"

"डोक्याचं तेल. तूच ऐकत होतीस ना, डोक्याचं म्हणाला तो."

"अहो, मशीनच्या डोक्याचं! ते बारीक नळीच्या डब्यातलं! तुमच्या डोक्याचं नव्हे! तुमच्या डोक्याला एवढी वर्षं ते तेल घालून काय उगवलंय ते दिसतंच आहे जगाला!"

यजमानांनी टकलावरून हात फिरवला. इंजिनिअर म्हणाले, "वास मात्र उत्तम आहे."

गुरुवारी पायडल काढायचा मुहूर्त लागला. यजमान पाठीवर झोपून मशीनखाली सरकले, हातात पाना. इंजिनिअर खुर्चीवर बसून सूचना द्यायला. जिजी बॅटरी धरून.

"डावीकडे फिरवलं की सुटतं, उजवीकडे फिरवलं की घट्ट होतं," इंजिनिअर म्हणाले. "साऱ्या जगात एकच नियम."

खालून आवाज आला, "माझं डावं, का मशीनचं डावं?"

"मशीनला कुठलं आलंय डावं-उजवं?"

"मग मी बसल्यावरचं डावं की झोपल्यावरचं?"

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. इंजिनिअरांनी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं. ते यजमानांना खाली दाखवलं, तर त्यांना ते उलटं दिसलं, म्हणून वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. जिजी म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांना माझी बाजू कुठली ते अजून कळलं नाही. मशीनची बाजू आज एका दिवसात कुठून कळणार?" आणि त्यांनी बॅटरी इंजिनिअरांच्या हातात दिली, पाना हिसकावला, बसल्या जागेवरून हात घालून नट फिरवला. कुठल्या बाजूला फिरवला ते त्यांना विचारू नये. सुटेल त्या बाजूला फिरवला.

"सुटलं!" यजमान ओरडले.

"कुठाय?"

"माझ्या छातीवर."

शुक्रवारी पायडल कापडी पिशवीत घालून जिजी आणि यजमान निघाले. पायडल म्हणजे हलकी वस्तू नव्हे. ताटापेक्षा मोठी ओतीव लोखंडाची चौकोनी जाळी, दोन बाजूंना दोन कान, त्यात लटकलेली दांडी. पिशवीचा एक बंद जिजींकडे, एक यजमानांकडे. फाटकाशी वॉचमन आडवा आला.

"जिजी, पिशवीत काय आहे?"

"माझं कर्म."

"ते लोखंडी दिसतंय."

आता झालं होतं असं, की महिन्यापूर्वी सोसायटीच्या टाकीजवळच्या गटारावरची लोखंडी जाळी चोरीला गेली होती. तेव्हापासून तिथं फळी टाकलेली होती, आणि कमिटीनं ठराव केला होता की फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक लोखंडी वस्तूला परवाना पाहिजे. जाळी गेली तेव्हा वॉचमन झोपलेला होता. त्यामुळे आता तो सेफ्टी पिनसुद्धा हटकत असे. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. चौकोनी. लोखंडी. जाळीची. हरवलेलं मूल सापडल्यासारखं तेज त्याच्या तोंडावर आलं.

"सेक्रेटरी साहेब!"

सेक्रेटरी ऑफिसात होते. त्यांनी तक्ता काढला, 'निर्गमन परवाना, नमुना दोन'. जिजी चार यत्ता शिकलेल्या. छापील अक्षर त्यांना कळतं, पण ते अक्षर आधी त्यांच्याकडे बघतं, मग त्या त्याच्याकडे, आणि दोघांची ओळख पटायला वेळ लागतो. म्हणून त्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहा, मी सांगते." सेक्रेटरींनी मुकाट्यानं लिहायला घेतलं. हुकूम कसा सोडायचा हे एकदा जमलं की शाळा कमी पडली तरी चालतं.

"वस्तूचं नाव?"

"पायडल."

"वस्तू सोसायटीच्या मालकीची आहे काय?"

"माझ्या पायाच्या मालकीची आहे."

सेक्रेटरींनी लेखणी थांबवली. "जिजी, तुमच्यावर संशय घेतोय असं समजू नका. पण ठराव आहे. ही वस्तू त्या गटारावर बसत नाही एवढं सिद्ध झालं की मी लगेच सही करतो."

मग वरात निघाली टाकीकडे. पुढे वॉचमन, मागे सेक्रेटरी, मध्ये चोरांसारखे जिजी आणि यजमान, आणि कुठून कोण जाणे, मोजपट्टी घेऊन इंजिनिअर. वरच्या गॅलऱ्यांत बायका उभ्या राहिल्या. खालची बाई तर कुत्र्याला कडेवर घेऊन आली, त्यालाही दिसावं म्हणून. जिजींची मान ताठ होती, पण कानशिलं तापली होती. या इमारतीत कुणाच्या घरचं दूध उतू गेलं तरी सल्ला द्यायला त्या पुढे असत, आणि आज त्यांना गटारापाशी उभं केलं होतं.

वॉचमननं फळी बाजूला केली. इंजिनिअरांनी दांडी सोडवून पायडल वरून हळूच सोडलं.

खट्.

"बसलं!" इंजिनिअर आनंदानं ओरडले. "चारही बाजूंनी बसलं! केसाचं अंतर नाही!" निवृत्त झाल्यापासून त्यांचं एकही माप इतकं बरोबर आलं नव्हतं.

गॅलऱ्यांतून "अगंबाई" असा आवाज उतरत आला. सेक्रेटरी खाकरले. यजमान म्हणाले, "योगायोग असतो एखादा," आणि हे इतकं चोरासारखं म्हणाले, की जिजींनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

मग जिजींनी चप्पल काढली. साडी जरा वर धरली आणि गटारावरच्या त्या जाळीवर उजवा पाय ठेवला. "बघा. नीट वाकून बघा, सेक्रेटरी. इथं टाच, इथं चवडा. बाकी सगळं काळं आहे, एवढंच चकचकीत का? तुमच्या गटाराचं पाणी काय टाच टेकवून वाहत होतं? हा माझा पाय आहे. इतकी वर्षं घासलाय. का मी रोज इथं येऊन गटारावर पडदे शिवत होते?"

सेक्रेटरी वाकले. पाऊल त्या चकचकीत जागेत असं बसलं होतं, जणू ओतीव काम करणाऱ्यानं मापच जिजींचं घेतलं होतं. पण कमिटीचा माणूस पटलं तरी पटलं म्हणत नाही. "पाय हा पुरावा धरावा का, ते मीटिंगपुढं..."

"अहो सेक्रेटरी!" तिसऱ्या मजल्यावरून सूनबाईंचा आवाज आला. "ते आमच्याच मशीनचं आहे! रोज सकाळी त्याच्या कुरकुरीनं मला जाग येते! आणि ते तुम्ही गटारावर ठेवून घेतलंत तर रविवारी माझं टेबल अपुरं राहील!"

साक्ष स्वार्थाची होती, पण खणखणीत होती. ज्या बाईला मशीन नको तीच पायडल ओळखतेय म्हटल्यावर सेक्रेटरींचा नाइलाज झाला. शेवटचा रकाना राहिला होता: 'वस्तू परत येणार काय?'

"येणार," जिजी म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहा."

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळकांडी. दोन्ही बाजूंना डोकी काढून ठेवलेल्या मशिनी ओळीनं उभ्या होत्या. ती बिनडोक रांग बघून जिजींना सोसायटीच्या मीटिंगची आठवण झाली. मिस्त्रींनी पायडल हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, नाक जवळ नेलं.

"याला मोगऱ्याचा वास कसा?"

यजमान बाहेर रस्त्याकडे बघू लागले.

मिस्त्रींनी पायडलचे दोन्ही कान पाहिले. स्क्रूचं टोक ज्या खळग्यात बसतं तो पायडलचा कान. डाव्या कानात त्यांनी करंगळीचं नख घातलं, ठीक म्हणाले. उजव्या कानात घातलं आणि थांबले. पक्कड घेतली, काहीतरी धरून ओढलं. दिव्यापुढे धरलं.

"इथं चूक आहे."

"कुणाची?" जिजींनी विचारलं.

"कुणाची म्हणजे? लोखंडाची. पाऊण इंची." मिस्त्रींनी चिमटीतली गंजकी चूक पुढे केली. चपलेला मारतात तसली साधी चूक, दुमडून ठोकलेली. "खळगा मोठा झाला म्हणून कुणीतरी पाचर मारलीय. कारागिराचं काम नव्हे हे. यानं पायडल बोटभर उजवीकडे कललेलं राहणार. इतकी वर्षं तुम्ही चालवलीत कशी हो ही?"

जिजी सावकाश वळल्या. यजमान अजून रस्त्याकडेच बघत होते, पण आता त्यांचे कानही मागून लाल दिसत होते.

"अहो."

"काय?"

"बावीस वर्षांपूर्वी, पायडल खडखडतंय म्हणून तुम्ही दुपारभर खाली झोपला होतात."

"असेन."

"आणि उठल्यावर मी म्हटलं, हे एका बाजूला कलतंय. तर तुम्ही काय म्हणालात?"

मिस्त्रींनी हातातलं काम खाली ठेवलं. असं काही दुकानात रोज घडत नाही.

"म्हणालात, पायडल बरोबर आहे, तुझंच वजन उजवीकडे जास्त पडतं!"

त्या एका वाक्यापायी जिजींनी काय काय केलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. उभं राहताना डावीकडे झुकायची सवय लावून घेतली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा डाव्या बाजूला खोचला. घरातले फोटो काढून बघा, एकूण एक फोटोत सगळी माणसं सरळ आणि जिजी तेवढ्या डावीकडे कललेल्या, वाऱ्यानं वाकवलेल्या झाडासारख्या.

"चूक झाली," यजमान हळूच म्हणाले.

"झाली नाही, ठोकली! आणि वरून माझ्या अंगावर ढकलली!"

"पण चालली ना बावीस वर्षं?" यजमानांनी उरलासुरला धीर गोळा केला.

"तुमच्या सगळ्या चुका चालतात. माझ्या पायांवर चालतात."

मिस्त्रींनी शनिवारी संध्याकाळी पायडल तयार करून दिलं. कानात पितळी नळी बसवलेली, दांडीचा खिळा नवा, जाळी ठोकून सरळ केलेली. "आता फुंकर मारलीत तरी हलेल," म्हणाले. बसवताना डाव्या-उजव्याचा वाद झाला नाही. पाना जिजींच्याच हातात होता, आणि यजमान आदल्या दिवसापासून कुठलीही बाजू घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

रविवारी पावणेदहाला बाहेरच्या खोलीत सगळे जमले. सूनबाई, जिजींचा मुलगा, यजमान, आणि पायडलचं माप आपणच बरोबर घेतलं होतं म्हणून इंजिनिअर. सुतारही वेळेआधी आला होता. टेप हातात घेऊन तो मशीनच्या पायांकडे अशा नजरेनं बघत होता, की जिजींनी आधी त्याला खुर्चीत बसवून पाणी दिलं. पाणी पिताना तरी माणूस माप घेत नाही.

पट्टा चढवला. दोरा ओवला. अर्धवट राहिलेला पडदा सुईखाली सरकवला. जिजी बसल्या, चाकाला हात दिला आणि पायडल दाबलं.

चाक अर्धा फेर पुढं गेलं आणि उलटं फिरलं. दोरा तुटला.

"दोरा जुना आहे," जिजी म्हणाल्या.

नवा दोरा ओवला. चाक पुढं, चाक मागं. दोरा तुटला. तिसऱ्यांदा तर चाक पुढं गेलंच नाही, बसल्या जागी मागंच फिरलं. पायडल सरळ झालं होतं, अगदी सरळ. पण जिजींची टाच बावीस वर्षं बोटभर उतार धरून चालत आली होती. तिला तो उतार सापडत नव्हता. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून माणूस पाऊल टाकतो ना, तसं प्रत्येक दाबाला होत होतं.

इंजिनिअर म्हणाले, "थोडं तेल..." आणि यजमानांकडे बघून गप्प झाले.

दहाला पाच कमी. जिजींनी मान वर केली नाही. आता मान वर केली तर सगळ्यांची तोंडं दिसली असती. "पायडलच बिघडवून दिलंय त्या मिस्त्रीनं," त्या म्हणाल्या, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या जिभेवर नाचता न येणारी ती बाई आणि तिचं ते वाकडं अंगण येऊन उभं राहिलं. सगळ्यांनी ते गिळलं. मुलाला ठसका लागला.

"सरका बघू जरा," सूनबाई म्हणाल्या. "खरंच बिघडलंय का बघते. बिघडलं असेल तर मिस्त्रीची चूक, तुमची नाही."

जिजी उठल्या. उठताना गुडघा वाजला की मन, ते कळलं नाही.

सूनबाईंनी आयुष्यात कधी मशीन चालवली नव्हती. त्यांच्या पायाला ना उतार ठाऊक ना चढ. त्यांनी पाय ठेवला, दाबला, आणि चाक फिरलं. फिरतच राहिलं. कुरकुर नाही, खडखड नाही. जुनी मशीन अशी चालली, जणू माहेरून धुऊन-पुसून आली होती. पडद्याची कड सुईखालून सरसर निघून गेली, टाके काहीसे मुंग्यांच्या रांगेसारखे वाकडे, पण सलग.

"अय्या," सूनबाई म्हणाल्या. कड संपली. त्यांनी पडदा उलटा केला आणि शिवलेल्याच कडेवरून पुन्हा शिवण मारायला लागल्या.

घड्याळात दहा झाले. सुतार पेला ठेवून उभा राहिला. "बाई, माप घेऊ ना पायांचं?"

"थांबा हो जरा! एवढी शिवण होऊ दे."

"ती शिवण झालीय," सुतार म्हणाला.

सूनबाईंचा पाय थांबला. यजमान, मुलगा, इंजिनिअर, सगळे आळीपाळीनं सासू आणि सून यांच्याकडे बघू लागले. जिजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या काही मागणार नव्हत्या. मशीन चालली होती, पण त्यांच्यानं चालली नव्हती, आणि दुसऱ्याच्या पायानं जिंकायची त्यांना सवय नव्हती.

सूनबाईंनी चाकावरून हात फिरवला. "बुधवारी काय ठरलं होतं? दहापर्यंत मशीन चालली तर राहील. कुणाच्या पायानं, ते कुठं ठरलं होतं? चालली. राहिली." आणि पुन्हा पायडल दाबलं.

सुतार टेप गुंडाळायला लागला. जिजींनी पदर सावरला. आता बोलायला काहीच हरकत नव्हती.

"काय हो सुतार, निघालात कुठं? आलाच आहात तर माप घेऊन जा. पायांचं नव्हे, स्टुलाचं. हे स्टूल माझ्या उंचीचं आहे. ही बघा कशी गुडघे कानाशी घेऊन बसलीय. हिला चार बोटं उंच करा." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "आणि तू, कापड ओढू नकोस. ते आपणहून जातं. तुझा पाय कुठं हलतोय आणि जीभ कुठं हलतेय ते आधी बघ."

"माझी जीभ?"

"बाहेर आलीय. शिवताना सगळ्या नवशिक्यांची येते."

त्या दिवशी दुपारी जेवणं झाली, भांडी झाली आणि घर निजलं. तीनच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग चाक पुढं, चाक मागं, आणि दोरा तुटल्याचा तो बारीकसा टच्. मग दबक्या आवाजात पायडलला चार खास शब्द, मिस्त्रीला दोन, आणि यजमानांना एक, पण वजनदार. पुन्हा चाक पुढं. पुन्हा मागं. आत सूनबाई कुशीवर वळून डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या. मुलानं तोंडावर वर्तमानपत्र ओढून घेतलं होतं. आणि यजमान, जे आपण कधीच घोरत नाही म्हणून जन्मभर भांडत आले होते, ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घोरत होते. चाक जसजसं जास्त वेळ पुढं जाऊ लागलं, तसतसा त्यांनी आवाज वाढवला.